मदत हवी आहे: मेंढीच्या अंडाशयातलं फॉलिकल (अंडं जिच्यात वाढतं ती पुटी) आधी मरतं की त्याचा रक्तपुरवठा?

नमस्कार मंडळी. मी परभणीत पशुवैद्यकशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासाला आहे. दख्खनी मेंढ्यांची अंडाशयं कत्तलखान्यातून थर्मासमध्ये सलाइनात आणतो.

मेंढीचं ऋतुचक्र साधारण 17 दिवसांचं. त्यात फॉलिकल लाटांनी वाढतात, फुटतात एखाददोन, बाकीची जिरून जातात. अडचण या जिरणाऱ्यांची आहे.

भिंगाखाली निरोगी फॉलिकल गुलाबी, पारदर्शक दिसतं, वर बारीक रक्तवाहिन्यांची जाळी. जिरणारं मळकट, राखाडी. इथवर ठीक. पण मधल्या अवस्थेतलं ओळखताना माझी दांडी गुल होते. ग्रॅन्युलोसा म्हणजे फॉलिकलच्या आतल्या पेशीथरात रक्तवाहिन्या नसतातच, त्याला सगळं बाहेरच्या थिका या वाहिन्यांच्या थराकडून झिरपून मिळतं. कालच्या एका स्लाइडवर ग्रॅन्युलोसाच्या चार-सहा पेशींची केंद्रकं आक्रसून काळीकुट्ट झालेली, थिकातल्या केशवाहिन्या मात्र ठणठणीत वाटल्या. शेजारच्या फॉलिकलमध्ये नेमकं उलटं! का माझा काप तिरपा गेला, देव जाणे.

वाहिन्या दाखवायला धमनीतून शाई-जिलेटिन सोडून पाहिलं, पण गाडीवर अंडाशयं येईपर्यंत आत रक्त गोठलेलं, शाई अर्ध्यातच अडली. हेपारिन (रक्त गोठू न देणारं औषध) घातलेल्या सलाइनने आधी धुवायचं तर किती वेळात? की हा नाद सोडून वाहिन्यांच्या अस्तराचं इम्युनो स्टेनिंगच (अँटिबॉडी चिकटवून रंगवणं) करावं? मेंढीच्या ऊतीवर कोणती अँटिबॉडी तुमच्याकडे खरंच चालली, तेवढं सांगा. महाग असते हो, एकदाच घेता येईल.