प्रतिसाद: जुनं घर घेऊन विकण्याचा बेत

राजापूरकडचं जांभ्याचं कौलारू घर घ्यायचं, नीटनेटकं करून वर्षभरात विकायचं, असा तुमचा बेत दिसतो. रंग-फरशीचा हिशोब चोख मांडलाय, पण सातबाऱ्यावर नावं किती ते लिहिलं नाहीत. कोकणात खरी मेख तिथेच. एक काका मुंबईत, आत्या बडोद्याला, मयत भावाची वारसनोंदच नाही! हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचा हिस्साही मुलांइतकाच. सगळे सह्यांना तयार आहेत ना, हे पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नका. घरामागची वाडी शेतजमीन असेल तर तुम्ही स्वतः शेतकरी असल्याचा पुरावाही लागेल.

घर बघायला जाल तेव्हा माळ्यावर चढाच. वाशांची भिंतीत गेलेली टोकं स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. वरून ठणठणीत दिसणारं लाकूड नेमकं तिथे वाळवीने पोकळ केलेलं असतं. (लाकडाला ताजा ऑइलपेंट दिसला की मला तर आधी संशय येतो.) वासे बदलायचे म्हणजे कौलं उतरवणं आलं, मग बजेट विसरा.

शिवाय 24 महिन्यांच्या आत विकलंत तर नफ्यावर तुमच्या इन्कम टॅक्स स्लॅबप्रमाणे कर. खरेदीचं मुद्रांक शुल्क वेगळंच. वर्षभराचा हट्ट सोडणार असाल तरच पुढे जा.