सुटी मिळाली, पण उतरायचं कुठं? (अनुभव धागा)

बेळगावात वाढलेल्या माणसाचा समुद्र म्हणजे चोर्ला उतरून गोवा, नाहीतर आंबोली उतरून वेंगुर्ला. गुडघाभर पाण्यात फोटो, मासे, रात्री घर. आता मात्र गल्लीगल्लीतलं एकेक पोर शिकायला बाहेर आहे. तिकडं शिकताना सुटीचा एखादा दिवस जहाजावर गेला असेल तर लिहा. बंदरात उतरून काय बघितलं ते नको, ते सगळ्यांच्या स्टेटसवर असतंय. जहाजावरच काय केलं ते लिहा. सुरुवात मी करतो.

टिळकवाडी

हेलसिंकीत एम.एस.ला होतो. दिवसा कॉलेज, संध्याकाळी हॉटेलात भांडी. फेब्रुवारीत एकदम दोन दिवस सुटी मिळाली. स्टॉकहोमला जाणाऱ्या रात्रीच्या जहाजाची केबिन चौघांत वाटून घेतली, तर बाहेर जेवण्यापेक्षा स्वस्त पडली. एवढी स्वस्त का, ते नंतर कळलं. जहाज पहाटे ओलांड बेटांवर मारिएहामला जरा टेकतं. बेटं फिनलंडची, पण युरोपियन युनियनच्या कराच्या हद्दीबाहेर. १९९९ साली युनियनमधल्या देशांच्या दरम्यान करमुक्त विक्री बंद झाली, पण वाटेत इथं टेकणाऱ्या जहाजांवर ती चालूच राहिली. म्हणजे पैसा तिकिटात नाही, दारू नि चॉकलेटात. हद्दीवरच्या धंद्याचं आपल्याला काय नवल? कोल्हापूरच्या गाड्या पेट्रोल भरायला निपाणीपर्यंत येतातच की.

केबिन गाड्यांच्या मजल्याच्या खाली, खिडकी नाही. दिवा घालवला आणि आवाज सुरू झाला. पत्र्याच्या शेडवरनं कुणी खडीचं पोतं ओढत नेतंय असा. मधेच थांबायचा, मग धाडकन एक मोठा. शेजारच्या बंकवरचा चिक्कोडीचा कानडी दोस्त उठून बसला, "एन सप्पळ अदु?" कसला आवाज ते मला तरी कुठं ठाऊक! वर डेकवर गेलो तर जहाज गोठलेल्या समुद्रातनं बर्फ फोडत चाललेलं. फुटलेले तुकडे कडेला घासत मागं जात होते, खाली आमच्या उशाशी वाजत होते ते हेच. थंडीनं नाक बधिर झालं तरी दोघं तासभर कठड्याला चिकटून. खिशात कडक भाकरीचे तुकडे नि शेंगा चटणी होती. एवढ्या थंडीत चटणीचा ठसका लागत नाही, हा एक शोध लागला.

स्वीडनचं घड्याळ एक तास मागं. जाताना सुटी तासानं वाढली, येताना तो तास परत करावा लागला.

खानापूर

मला सुटी वादळानं दिली. ब्रेमेनला समुद्रतळाच्या गाळावर पीएच.डी. करताना 'मेटेओर' या संशोधन जहाजावर अटलांटिकात जायला मिळालं. चार तास काम, आठ तास मोकळे, रात्रंदिवस हीच पाळी. त्यामुळं वार कळायचा तो दुपारच्या केकवरनं. रविवारी केक, आणि गुरुवारीही केक. जर्मन खलाशी गुरुवारला 'झेमान्सझोनटाग' म्हणतात, खलाशांचा रविवार! गुरुवार म्हणजे दत्ताचा उपास, अशा घरातली मी. पहिल्या गुरुवारी बशी पुढं आल्यावर आईचा चेहराच दिसला. (खाल्ला. तिला अजून सांगितलेलं नाही.)

तर एका सकाळी लाटा एवढ्या की तारेनं यंत्र खाली सोडणं धोक्याचं. शास्त्रज्ञ मंडळी एकदम बेकार. अशा वेळचा जहाजावरचा जुना उद्योग म्हणजे थर्मोकोलचे कप रंगवणं. मी माझ्या कपावर मलप्रभेचा घाट काढला आणि मोठ्या अक्षरांत 'खानापूर' लिहिलं. शेजारचा पोरगा विचारतो, हे चित्र आहे का अक्षर?

दोन दिवसांनी समुद्र शांत झाला. सगळे कप जाळीच्या पिशवीत भरून यंत्राला बांधले आणि ३००० मीटर खाली सोडले. तिथं पाण्याचा दाब वरच्या हवेच्या साधारण ३०० पट. थर्मोकोलमधली हवा पिळून निघते. पिशवी वर आली तेव्हा चहाचा कप बाहुलीच्या भातुकलीतला झाला होता, हाताला दगडासारखा कडक. घाटाच्या पायऱ्या एकमेकींत घुसलेल्या, 'पू' जरासा कलंडलेला, पण खानापूर वाचता येत होतं. आता तो आमच्या देवघरात आहे. आई त्यात अक्षता ठेवते.

वडगाव

न्यूझीलंडात वेलिंग्टन ते पिक्टन, साडेतीन तास. कुक सामुद्रधुनी त्या दिवशी खवळलेली. आईनं दिलेला आलेपाक पहिल्या तासात संपला, दुसऱ्या तासात परत आला. सुटीत काय बघितलं? कागदी पिशवी. माझ्याकडनं एवढंच.

निपाणी

माझं अख्खं सेमिस्टरच जहाजावर झालं. शिकत अमेरिकेत होतो, पैसे मामानं घातले. आकडा विचारू नका, त्यात आपल्याकडं तंबाखूची वखार उभी राहील. जहाज 'वर्ल्ड ओडिसी', १९९८ साली 'डॉइचलँड' नावानं पाण्यात आलेलं. समुद्रावर शनिवार-रविवार नसतोच, रोज तास. अधनंमधनं एखादा 'स्टडी डे' देतात, अभ्यासाला मोकळा. त्या दिवशी अभ्यास करताना मी कुणाला पाहिलं नाही. डेकवर उताणी पडलेली शंभर पोरं पाहिली.

होनोलुलूहून जपानकडं जाताना वाररेषा ओलांडली. पश्चिमेला जाताना तिथं एक तारीख गळते. सोमवारी झोपलो, बुधवारी उठलो. बंदरात लागल्यावर आज्जीचा पहिला प्रश्न, "अंगारकी धरलीस काय रं?"

"आज्जी, मंगळवार आलाच नाही."

बराच वेळ फोनवर काही नाही. मग म्हणाली, "मग बुधवारी धरायचास."

चिक्कोडी

मी परदेशी शिकलो नाही, लिहू का नको असं झालं. पण डीएनएस (जहाज चालवण्याची पदविका) केलेल्या कॅडेटला १८ महिने जहाजावर काढल्याशिवाय अधिकाऱ्याच्या परीक्षेला बसता येत नाही, म्हणजे तेही शिक्षणच. रविवारी अर्धी सुटी. भारतीय माणसांचं जहाज असलं की दुपारी बिर्याणी ठरलेली. मग कपडे धुवायचे नि झोपायचं. एकदाच बिर्याणी थंड होताना बघितली, जहाज सिंगापूरजवळनं जात होतं तेव्हा. रेंज आली नि अख्खं जहाज एका कठड्याला, फोन उंच धरून.

शहापूर

मी शिकलो नाही, लेक शिकायला गेली. ३१ वर्षं कंडक्टर, त्यातली बरीच बेळगाव-वेंगुर्ला गाडीवर. मुक्काम असला की बंदरावर जाऊन बसायचो. होडीत पाय कधी ठेवला नाही. लेक जर्मनीत कीलला असते. इस्टरच्या सुटीत ती तिथनं ऑस्लोच्या जहाजात बसली. दुपारी दोनला सुटतं, दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला पोचतं. तिनं माझ्या मोबाइलवर नकाशा लावून दिला होता, त्यात जहाज बाणागत दिसतं. रात्री दीडला उठून बघितलं तर बाण डेन्मार्क नि स्वीडनच्या मधे. मंडळी म्हणाल्या, "झोपा की आता, तुम्ही काय ड्रायव्हर हाय काय?" म्हटलं, कंडक्टर हाय.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. सूर्य कसा बुडाला, चिमणीएवढा पक्षी कठड्यावर बसून किती वेळ सोबत आला, सगळं सांगितलं. मी विचारलं, तिकीट कोण बघतंय? "चढतानाच बघतात, अप्पा. मधे कोण चढत नाही, कोण उतरत नाही."

वीस तासांत एक स्टॉप नाही. मग तेवढा वेळ कंडक्टर काय करत असंल, ते काय तिला सांगता आलं नाही.