ताडोबाला नेमकं कधी जावं? मुलाला वाघ हवाय, सासूबाईंना ऊन सोसत नाही, मला गर्दी नको

मुळामुठा

नमस्कार मंडळी. आम्ही पुण्याचे, ताडोबाला पहिल्यांदाच जाणार. मी, नवरा, सहावीतला मुलगा आणि बहात्तरीच्या सासूबाई. ज्याला विचारावं तो म्हणतो मे महिन्यात जा, वाघ हमखास दिसतो. पण सासूबाईंना पुण्यातलंच एप्रिलचं ऊन सोसत नाही, चंद्रपूरचं मेमधलं कसं सोसणार? नाताळच्या सुट्टीत जावं तर त्याचा अनुभव आहे. एका दुसऱ्या अभयारण्यात तेव्हाच गेलो होतो. पुढे-मागे गाड्याच गाड्या, कुणीतरी ओरडलं 'वाघ, वाघ', सगळ्या जिप्सी तिकडे धावल्या आणि आम्हाला समोरच्या गाडीतल्या लोकांच्या टोप्या तेवढ्या दिसल्या. मुलगा रडवेला झाला होता.

तर ऑक्टोबर, थंडी की उन्हाळा? आणि कोअर (आतला गाभ्याचा भाग) की बफर (त्याभोवतीचा पट्टा)? ज्यांचं तिकडे नेहमी जाणं आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

टळटळीत

वाघच बघायचा असेल तर एप्रिल-मे, दुसरं उत्तर नाही. नाले आटलेले असतात, झाडोरा विरळ झालेला असतो, जनावराला पाणवठ्यावर यावंच लागतं. आम्ही दर मे महिन्यात जातो. ओला पंचा डोक्यावर, ताक-पन्हं बरोबर, सकाळची फेरी करायची आणि दुपारी खोलीत पडून राहायचं. सासूबाईंना फक्त सकाळच्या फेरीला न्या. गर्दी असतेच, पण पाण्यात बसलेला वाघ तासभर हलत नाही, त्यामुळे सगळ्यांना दिसतो.

इरईकाठ

मी चंद्रपूरची. जंगल घरापासून तासाभराच्या आत आहे, त्यामुळे तिन्ही ऋतूंत जाणं होतं. आधी उत्तर सांगते, मग कारणं. फेब्रुवारीचा उत्तरार्ध ते मार्चचा मध्य, आणि त्यातही बुधवार-गुरुवार.

गर्दी येते ती शाळांच्या सुट्ट्या बघून. दिवाळी, नाताळ ते एक जानेवारी, सव्वीस जानेवारीला जोडून आलेला शनिवार-रविवार, होळी, आणि मग एप्रिलअखेरपासून सगळा उन्हाळा. दहावी-बारावीच्या परीक्षा सुरू झाल्या की घरंच्या घरं जागेवर बसतात आणि जंगलाला थोडी उसंत मिळते. नेमकं तेव्हाच जंगल उघडं पडायला लागलेलं असतं. सागाची पानं गळून खाली पडलेली, गवत पिवळं होऊन बसलेलं, बांबूच्या रांजीतून (बेटातून) आरपार दिसतं. बारीकसारीक डबकी आटतात आणि जनावरं मोठ्या पाण्याकडे वळायला लागतात. उन्हाळ्याचा फायदा निम्म्याहून जास्त मिळतो आणि उन्हाचा तडाखा अजून सुरू झालेला नसतो. गाईड आणखी एक गोष्ट सांगतात. पाचोळ्यात पाय टाकला की आवाज होतो, म्हणून वाघ या दिवसांत मातीच्या रस्त्यानं चालणं पसंत करतो. रस्त्यावर ताजे माग दिसतात, हे मी स्वतः वरचेवर बघितलंय.

आणि तेव्हा पळस फुललेला असतो. मुलाला हे जरूर दाखवा. फुललेल्या पळसावर वानरं बसून फुलं तोडतात, अर्धी खातात, अर्धी खाली टाकतात, आणि खाली चितळांचा कळप ती एकेक वेचून खात असतो. वरच्या वानराला लांबचं दिसतं, खालच्या चितळाला वास कळतो, दोघांचा एकमेकांवर भरवसा. अशा झाडाखाली गाडी थांबवून गाईडला इंजिन बंद करायला सांगा आणि नुसतं ऐका. वानर खाकरल्यासारखं 'खॅक' करून एकाच दिशेनं बघत राहिलं, चितळानं शिट्टीसारखी हाक दिली, तर वाघ किंवा बिबट्या जवळपास असू शकतो. चितळ उगाचही ओरडतं. सांबरानं मात्र पुन्हा पुन्हा कॉल (धोक्याची हाक) दिला, तर तिथून हलू नका. सहावीतल्या मुलाला हे एकदा कळलं की तो वाघाची वाट बघताना कंटाळत नाही, उलट तुम्हालाच गप्प बसायला सांगतो.

मार्चच्या मध्यापासून मोहाची फुलं पडू लागतात आणि त्यांच्यासाठी अस्वल येतं. हीच फुलं वेचायला आजूबाजूच्या गावांतली माणसंही पहाटे रानात जातात आणि माणसाची वाघाशी गाठ पडण्याचा धोका या दिवसांत वाढतो. मोहापाठोपाठ तेंदूपत्त्याचा हंगाम येतो, तेव्हाही तेच. आपण ज्याला बफर म्हणतो तिथे गावं आहेत, शेतं आहेत, गुरं चरतात. रस्त्यात टोपली घेतलेल्या बाया दिसल्या तर गाडी हळू घ्यायला सांगा. त्यांच्यासाठी ही सहल नाही, वर्षाची मिळकत आहे.

आता इतर महिने. १ जुलै ते ३० सप्टेंबर कोअर बंद असतो, १ ऑक्टोबरला उघडतो. ऑक्टोबरात रान हिरवंगार, तलाव काठोकाठ, झाडाझाडांमध्ये कोळ्यांची मोठाली जाळी, त्यांवर सकाळी दव. डोळे निवतात. पण गवत इतकं उंच असतं की दहा हातांवरून वाघ गेला तरी पत्ता लागत नाही. वाघाचा हट्ट नसेल तर दिवाळीआधीचे आठवड्याच्या मधले दिवस फार सुंदर असतात. तुमच्या मुलाचा हट्ट आहे, म्हणून मी ते सुचवत नाही.

डिसेंबर-जानेवारीत हवा उत्तम. उघड्या जिप्सीत पहाटे मात्र हाडं गोठतात, सासूबाईंसाठी कानटोपी आणि जाड घोंगडी घ्यावीच लागेल. पाणी सगळीकडे असतं, त्यामुळे वाघ कुठेही असतो, पाणवठ्यावर दबा धरून बसण्यात अर्थ नसतो. आणि नाताळचा आठवडा टाळाच. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एफ-२ नावाची वाघीण आणि तिची पाच पिल्लं जिप्सींच्या मध्ये अडकली, पुढेही गाड्या, मागेही गाड्या. त्याचे व्हिडिओ सगळीकडे फिरले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली, चालक-गाईडांवर कारवाई झाली. मला ते आजही बघवत नाही. गाडीत बसलेल्या कुणा एकालाही 'मागे घ्या' म्हणावंसं वाटलं नसेल का? चालक पुढे घुसतो ते बरेचदा आपल्याचसाठी, वाघ जवळून दिसला नाही तर पाहुणे नाराज होतील म्हणून. सफारी सुरू होण्याआधीच त्याला स्पष्ट सांगा: लांबून दिसला तरी चालेल, वाट अडवायची नाही. बहुतेक चालकांना हे ऐकून हायसं वाटतं.

मेबद्दल टळटळीत म्हणतात ते खरं आहे, वाघ दिसण्याची शक्यता तेव्हा सर्वाधिक. पण पारा पंचेचाळिसाच्या वर जातो, सकाळी नवालाच जिप्सीचा लोखंडी दांडा हाताला चटका देतो. आणि सगळ्यांना ठाऊक असतं की वाघ पाण्यावर येणार, म्हणून सगळ्या गाड्या त्याच त्या पाणवठ्यांवर येऊन थांबतात. सासूबाईंना बरोबर घेऊन मे नकोच.

वारसुद्धा महत्त्वाचा. मंगळवारी ताडोबा बंद असतो. बुधवारी सकाळी पहिल्या गाड्यांत आत गेलात तर रस्त्यावरची माती दीड दिवस गाड्यांनी तुडवलेली नसते आणि रात्री कोण कोण गेलं ते सगळं तिच्यावर उमटलेलं दिसतं. चांगला गाईड गाडीतून वाकून बघतो: पंजाच्या ठशावरून किड्याची बारीक रेघ गेलीय का, कडा ढासळल्यात की धारदार आहेत. रेघ गेली असेल तर माग जुना, कड कोरी असेल तर वाघ आत्ताच गेलाय. वाघ दिसण्याइतकीच मजा या मागात आहे, मुलाला वाकून बघू द्या (गाडीतून खाली उतरायचं मात्र नाही).

गेटचं थोडक्यात. मोहर्ली चंद्रपूरला जवळ आणि कोलारा नागपूरकडून सोयीचं, म्हणून गर्दी या दोन्हींकडे जास्त. शांतता हवी तर झरी किंवा पांगडी गेटवरून कोळसा नावाच्या भागात जा. तिथलं रान दाट, वाघ दिसण्याचा लौकिक कमी, पण तासन् तास दुसरी गाडी भेटत नाही. बफरला कमी लेखू नका. कोअर ६२५ चौरस किलोमीटरचा आणि बफर ११०० हून मोठा, आणि वाघाला दोन्हींमधली रेघ माहीत नाही. आगरझरी, देवाडा, जुनोना, अलिझंझा या बफरच्या गेटांवरूनही वाघ छान दिसतात. माझ्या मते तुम्ही एक फेरी कोअरची सकाळी आणि दुसऱ्या दिवशी एक बफरची दुपारी, एवढंच करा. रोज दोन-दोन फेऱ्या सासूबाईंच्या कमरेला झेपणार नाहीत.

नवरंग

इरईकाठ ताईंचं सगळं पटलं. फक्त पावसाबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. कोअर बंद असला तरी बफरची काही गेटं रस्त्यांची स्थिती बघून पावसाळ्यातही सुरू ठेवतात. मेअखेरीला नवरंग पक्षी येतो, पहाटे आणि तिन्हीसांजेला त्याची दोन सुरांची शीळ ऐकू येते, पोटाखाली लालभडक, पाठ हिरवी, पंखावर निळा ठिपका. त्याच सुमारास स्वर्गीय नर्तक पक्ष्याची घरट्याची लगबग चालू असते. पहिल्या सरींच्या आगेमागे काजवे. तेव्हा फारसे पर्यटक नसतात. लहान मुलाला जंगलाची गोडी लागायला वाघच दिसला पाहिजे असं नाही. मोहर्लीजवळ इरई धरणाचा फुगवटा आहे, तिथे थंडीत पाहुणी बदकं येतात. तुम्ही फेब्रुवारीत गेलात तर दुर्बीण न्या, त्यातली काही तोवर थांबलेली असतात.

मुळामुठा

खूप खूप आभार, इतकं सविस्तर कुणी सांगितलं नव्हतं. सासूबाईंना वाचून दाखवलं, पळसाचं ऐकून त्यांनीच फेब्रुवारी पक्का केला. त्यांचं माहेर भंडाऱ्याकडचं, लहानपणी पळसाच्या फुलांचा रंग करायचे म्हणाल्या.

दोन शंका. एक, मुलाची शाळा बुडेल, आम्हाला फार तर दोन दिवस बुडवता येतील. दोन, मोबाइल नेऊ देत नाहीत असं ऐकलं, मग फोटोचं काय?

इरईकाठ

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. भंडाऱ्याच्या म्हणजे रान त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळत असणार.

शाळेचं असं करा. मंगळवारी संध्याकाळपर्यंत चंद्रपुरात किंवा मोहर्लीत पोचायचं, मंगळवारी जंगल बंद असल्यानं तुमचं काही हुकत नाही. बुधवारी सकाळी कोअर, दुपारी सगळ्यांनी झोप. संध्याकाळी इरईच्या पाण्याकडे थोडं फिरा. गुरुवारी दुपारी बफर आणि रात्रीच्या गाडीनं परत. बल्लारशाहहून गाडी मिळाली नाही तर नागपूरहून, मोहर्लीपासून नागपूर साधारण १४० किलोमीटर आहे. शाळा दोनाऐवजी तीन-चार दिवस बुडेल हे खरं. पण वर्गशिक्षिकेला आधी सांगून ठेवा, बघितलेल्या प्राण्या-पक्ष्यांची वही लिहून आणतो म्हणावं. ते नाहीच जमलं तर शुक्रवारी सुट्टी घेऊन शुक्रवार-शनिवार करा, निदान रविवार टाळता येईल. महाशिवरात्र आणि होळी कॅलेंडरवर बघून घ्या, त्यांना लागून आलेले दिवस नकोत.

मोबाइल कोअरमध्ये चालत नाही, तो खोलीवरच ठेवून जा. कॅमेरा नेता येतो, त्याचे नियम आणि शुल्क गेटवर विचारा. मला विचाराल तर मुलाच्या हातात दुर्बीण द्या आणि कॅमेरा मोठ्यांपैकी एकानंच सांभाळा, नाहीतर सगळा वेळ काच पुसण्यात जातो.

बुकिंग वनखात्याच्या संकेतस्थळावरूनच करा. तारीख ठरली की लगेच, कारण प्रत्येक गेटवर फेरीला ठरावीकच गाड्या सोडतात. शनिवार-रविवारचे दर जास्त असतात, बुधवार-गुरुवारी गेलात तर तुम्हाला ते लागू होणार नाहीत. एका जिप्सीत सहा पर्यटक, वर गाईड आणि चालक, म्हणजे तुम्हा चौघांना पूर्ण गाडी घेतली तर ऐसपैस होईल. बुकिंगला जे ओळखपत्र दिलं तेच मूळ बरोबर हवं, सासूबाईंचं आधार कार्ड आधीच पर्समध्ये टाका.

आणि त्यांना सगळ्यात मागच्या उंच बाकावर बसवू नका. तिथून दिसतं छान, पण चाकाच्या वर असल्यानं प्रत्येक खड्डा थेट कमरेत जातो. चालकामागच्या बाकावर, कडेला, पाठीशी उशी देऊन बसवा. फेब्रुवारीतही पहाटे गारठा असतो आणि नऊनंतर ऊन चढतं, तेव्हा शाल आणि सुती स्कार्फ दोन्ही लागेल.