लिव्हरचा सीओव्ही १० टक्क्यांखाली आला, म्हणजे पेट स्कॅन चांगला?

फोटॉनभाऊ
आमच्याकडे नवा दंडक निघालाय. प्रत्येक एफडीजी पेटमध्ये (किरणोत्सारी साखर टोचून काढलेल्या स्कॅनमध्ये) लिव्हरच्या उजव्या खंडात ३ सेंटिमीटरचा गोल आरओआय (मोजायचा भाग) टाकायचा, त्यातल्या एसयूव्हीचं (साखर किती शोषली त्या आकड्याचं) प्रमाण विचलन भागिले सरासरी, म्हणजे सीओव्ही, काढायचा, १० टक्क्यांच्या वर गेलं की स्कॅन नापास. हा आकडा नॉइजपेक्षा (चित्रातल्या खोट्या चढउतारापेक्षा) फिल्टरच जास्त मोजतो! परवा त्याच डेटाला ५ ऐवजी ८ मिलिमीटरचा गाउसियन (चित्र गुळगुळीत करणारा फिल्टर) लावून बघितला. काउंट्स (नोंदलेल्या घटना) तेवढेच, सीओव्ही झपकन खाली, आणि फुप्फुसातली बारकी गाठ जवळपास पुसलेली. स्कॅन मात्र पास. त्यापेक्षा फँटमवर (पेशंटऐवजी स्कॅन करायच्या चाचणीच्या पुतळ्यावर) तपासा.

रात्रपाळी
फिल्टर खेळवला की आकडा पडतो, त्यात नवल काय? आमचा प्रोटोकॉल लॉक असतो, कुणी हात लावत नाही. मग सीओव्ही चढला की कारण शोधायचं: डोस शिरेबाहेर गेला का, पेशंट शंभर किलोच्या वरचा आहे का, टेबलावर उशिरा चढला का. एफडीजीतल्या फ्लोरिन-१८चं अर्धायुष्य ११० मिनिटं, दोन तास वाया गेले तर निम्म्याहून जास्त माल गेला. हे मला लिव्हर सांगतं, तुमचं फँटम नाही. फँटमला मधुमेह नसतो.

सहा_गोळे
नेमाच्या (मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या) फँटममध्ये १० ते ३७ मिलिमीटरचे सहा गोळे असतात. त्यांचा कॉन्ट्रास्ट किती परत मिळाला आणि पार्श्वभूमी किती हलते, दोन्ही बघतात. एकटा सीओव्ही म्हणजे अर्धाच हिशेब. (पीएसएफ, म्हणजे मशीनचा धूसरपणा भरून काढणारी दुरुस्ती, लावलं की कडा फुगतात आणि लहान गोळा खऱ्यापेक्षा जास्त पेटलेला दिसतो, तेव्हा फँटमवरही आंधळा विश्वास नको.)

मुळात एकाच चित्रातल्या व्हॉक्सेलांमधली (घन ठिपक्यांमधली) तफावत म्हणजे नॉइज नव्हे. शेजारचे व्हॉक्सेल एकमेकांत मिसळलेले असतात. तोच स्कॅन पुन्हा केला तर आकडा किती हलेल, तो खरा नॉइज. लिस्ट मोडमध्ये प्रत्येक घटना वेळेसकट नोंदलेली असते. एकआड एक वाटून दोन अर्धे संच करा, वेगवेगळे रिकन्स्ट्रक्ट करा (त्यातून चित्र उभं करा), वजा करा. उरतो तो नॉइज.

रात्रपाळी
रोज वीस पेशंट. कधी करू?

न्यूक्लिअर_मॅडम
फोटॉनभाऊ, तुम्हाला कडक चित्र आवडतं, पण रिपोर्टखाली सही माझी असते. दाणेदार लिव्हरमध्ये एखादा दाणा मेटास्टॅसिससारखा (पसरलेल्या कॅन्सरसारखा) दिसला, की पेशंट बायोप्सीच्या सुईखाली. शिवाय एसयूव्हीमॅक्स म्हणजे गाठीतला सगळ्यात उंच व्हॉक्सेल, आणि गोंगाटात तो बहुधा नॉइजनेच उंच झालेला असतो. आधीचा स्कॅन स्वच्छ, नंतरचा दाणेदार असेल, तर काही न बदलता आजार वाढल्यासारखा वाटतो. २००९च्या पर्सिस्टमध्ये (उपचाराचा परिणाम मोजायच्या निकषांत) १ घन सेंटिमीटरची पीक सरासरी घेतली ती उगाच नाही. दंडक कच्चा असेल, पण नसण्यापेक्षा बरा.

फोटॉनभाऊ
मॅडम, गोंगाट मलाही नकोच. पण तो काउंट्स वाढवून कमी करा, चित्र घासून नको. दंडकामुळे टेक्नॉलॉजिस्ट मुकाट्याने जाड फिल्टर निवडतो, कारण त्याला नापास नकोय. लिव्हरचा आकडा ठेवा, फक्त त्याच मशीनच्या, त्याच रिकन्स्ट्रक्शनच्या जुन्या आकड्यांशी ताडा. पास-नापास काढून टाका. आणि जाड पेशंटला बेडमागे (टेबलाच्या प्रत्येक थांब्यामागे) वेळ वाढवून द्या.

रात्रपाळी
काउंट्सचा नॉइज वर्गमुळाने उतरतो, भाऊ. निम्मा करायला चौपट वेळ. दोन मिनिटांचे आठ केले, तर सहा बेडना पाऊण तासाच्या वर, तोही दोन्ही हात डोक्यावर घेऊन. तुम्ही झोपून दाखवा आधी.