वीजकेंद्र जवळ असूनही संध्याकाळी व्होल्टेज कमी का?

प्रश्न: कोराडीचे वीजकेंद्र नागपूरच्या अगदी उशाशी आहे, तरीही उन्हाळ्यात वस्तीतले कूलर सुरू झाले की आमचे पंखे मंदावतात. असे का होते, आणि विजेचा वापर कसा कमी करावा?

उत्तर १: कोराडीची वीज थेट आपल्या गल्लीत येत नाही. रोहित्राद्वारे (ट्रान्सफॉर्मरद्वारे) दाब, म्हणजेच व्होल्टेज, 400 केव्हीपर्यंत (किलोव्होल्टपर्यंत) वाढवून ती राज्याच्या जाळ्यात सोडली जाते, कारण दाब वाढला की तेवढीच शक्ती कमी प्रवाहात वाहून नेता येते आणि तारा तापून होणारा ऱ्हास घटतो. पुढे उपकेंद्रांमध्ये दाब टप्प्याटप्प्याने उतरवत 33 आणि 11 केव्हीवरून ती डीपीपर्यंत (वस्तीतल्या रोहित्रापर्यंत) व तेथून 230 व्होल्टने घरात येते. आपली अडचण बहुधा या शेवटच्या टप्प्यातली आहे: डीपीवर भार जास्त असेल, तार लांब असेल किंवा एकाच फेजवर अधिक घरे जोडलेली असतील. मोजलेले व्होल्टेज आणि वेळ नमूद करून शेजाऱ्यांसह लेखी तक्रार द्यावी.

उत्तर २: कूलरसमोरची खिडकी उघडी ठेवा, दमट हवेला बाहेर पडायला वाट नसेल तर कूलर कितीही चालवला तरी गारवा येत नाही. ताट्यांतला वाळा क्षारांनी कडक झाला असल्यास तो बदलावा. जुना पंखा सुमारे 75 वॅट, तर बीएलडीसी (ब्रशविरहित मोटरचा) पंखा सुमारे 30 वॅट घेतो. बारा तासांत अर्धा युनिट वाचतो.

उत्तर ३: घरगुती दर 100, 300 आणि 500 युनिटांच्या टप्प्यांवर वाढतात, त्यामुळे वापर वाढून वरचा टप्पा गाठणाऱ्या मे महिन्यातली बचत अधिक मोलाची ठरते.