हजेरी आणि गुणांच्या पुढचं

भाषेच्या प्रशिक्षणवर्गाच्या अहवालात हजेरी, परीक्षेचे गुण आणि अभिप्रायाचा फॉर्म एवढं असलं की पुरे, असं म्हटलं जातं. मला हे पटत नाही. अमेरिकी प्राध्यापक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्येच प्रशिक्षण मोजायच्या चार पायऱ्या मांडल्या: प्रतिक्रिया, शिकणं, कामावरचं वागणं आणि परिणाम. आपले बरेच अहवाल दुसऱ्या पायरीवरच थांबतात.

मी एका बँकेतल्या अमराठी कर्मचाऱ्यांना मराठी शिकवत होते. एकाला लेखी परीक्षेत छान गुण पडले. नोव्हेंबरात काउंटरवर एक आजी आल्या, "बाळा, हयातीचा दाखला द्यायचाय." तो गोंधळून शेजारच्या मॅडमकडे बघत राहिला. हयातीचा दाखला म्हणजे लाइफ सर्टिफिकेट, ते त्याच्या रोजच्या कामातलं, पण आमच्या धड्यांत 'हयात' हा शब्दच नव्हता. चूक अभ्यासक्रमाची, म्हणजे माझी. आणि अहवालात ती कुठेच दिसली नाही.

तेव्हापासून वर्ग संपल्यावर दोन-तीन महिन्यांनी शाखेत जाऊन तासभर काउंटरशेजारी बसते (शाखाधिकाऱ्यांची परवानगी आधी घेऊन, आणि ग्राहकांची नावं न लिहिता). वाक्य कळलं का, कुठे हिंदीत जावं लागलं, कुठला शब्द अडला, एवढंच टिपते. अडलेले शब्द अहवालात जसेच्या तसे द्या. पुढच्या तुकडीचे धडे मी त्यांतूनच बांधते.