पिक्सेल आर्ट: जॅगी (रेघेतली अडखळती पायरी) कुठे पुसायची, कुठे राहू द्यायची

पिक्सेल आर्टमध्ये, म्हणजे एकेक पिक्सेल ठेवून काढलेल्या चित्रात, ‘सगळ्या रेघा साफ केल्या की स्प्राइट (खेळातल्या पात्राचं किंवा वस्तूचं छोटं चित्र) निर्जीव दिसतो’ ही तक्रार रास्त आहे. पण दोष साफसफाईचा नाही, क्रमाचा आहे. ३२×३२ पिक्सेलच्या चौकटीत आधी एकाच गडद रंगाने नुसती छायाकृती भरा आणि झूम न करता पाहा. पोझ इथेच बोलत नसेल तर पुढे कितीही घासा, फरक पडत नाही.

मग रेघा. वळणावर पिक्सेलच्या सरळ तुकड्यांची लांबी ४-३-२-१-१ अशी उतरत गेली तर वळण सलग वाटतं. ४-२-३-१ झालं की डोळा अडखळतो. हा नियम चेहऱ्याला, हातापायांना लावा. फाटका झगा, खडक, झाडाची साल यांना तो अडखळाच हवा असतो, तिथे हात आवरा.

अँटी-अलियासिंग, म्हणजे कड मऊ दिसावी म्हणून मधल्या छटेचे पिक्सेल घालणं, ते सगळीकडे थापणं ही नेहमीची चूक. लहान स्प्राइट धूसर होतो. बाहेरच्या कडेवर केलं असेल तर पार्श्वभूमी गडद होताच फिकट किनार उठून दिसते. म्हणून ते आतल्या रेघांपुरतंच ठेवा.

आणि छटांचे पट्टे बाह्यरेषेला चिकटून समांतर धावले की बँडिंग (कडा जुळून पट्टे नको तसे उठून दिसणं) झालंच समजा. एका पट्ट्याची कड एक-दोन पिक्सेल सरकवली तरी बहुतेकदा भागतं, नवा रंग लागत नाही.